तोंडाने वाजवायचे वाद्य

वर्षालीला वाटलं, शिलाई मशीन आहे.

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत वासुदेवरावांच्या घराच्या वरच्या मजल्यावर ती वर्षभरापासून राहत होती. आधीची सोबतीण लग्न ठरल्यामुळे गेली आणि जुलैत एके दिवशी घरमालकीण छायाकाकूंनी जिन्यातूनच आवाज दिला, "पुलगावची पोरगी येऊन राह्यली वो. बी.ए.ले आहे." दुपारी मोटारसायकलवरून बापलेक उतरले. बापाच्या खांद्यावर गादीची वळकटी, आणि लेकीने चादरीत गुंडाळलेली एक काळी पेटी छातीशी धरलेली. आपले दोन ब्लाउज आता घरच्या घरी शिवून घेता येतील, असा हिशेब वर्षालीने मनातल्या मनात करून टाकला.

बाप गेला. पोरीने चादर सोडली, पेटी उघडली, आणि आतून पितळेचा एक ट्रम्पेट निघाला. जुना, दोन ठिकाणी चेपलेला, पण असा घासलेला की पंख्याची तिन्ही पाती त्यात फिरताना दिसत होती.

"हे काय वो?" वर्षालीने विचारलं.

"बाजा," काजल म्हणाली. "माह्या आज्याचा आहे. रोज दोन घंटे वाजवा लागते. तुले चालन ना?"

आता वर्षालीचा स्वभाव सांगायला हवा. हिंगणघाटजवळच्या खेड्यातली, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची ही मुलगी एवढी भिडस्त, की एकदा दुकानदाराने डब्यात दोन्ही चपला डाव्याच घालून दिल्या तर तीन दिवस त्याच पायात सरकवून ती कॉलेजात गेली. परत करायला लाज वाटली. तिला कोणी काही विचारलं की तोंडून एकच शब्द निघे.

"चालते ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पहिला सूर निघाला आणि वर्षाली गादीवर उठून बसली. तिला वाटलं होतं, गाणी वाजवेल. गाणं असतं तर कोणी तक्रारही केली नसती. काजल गाणं वाजवतच नसे. ती एक सूर धरायची. तोच. छातीतला वारा संपेपर्यंत तोच, मग श्वास घेऊन पुन्हा तोच. पुढ्यात मोबाइल ठेवलेला, त्यावरचा सूर मोजणारा काटा हिरव्या पट्टीत स्थिर राहतो की नाही ते डोळे वटारून बघायची. काटा हलला की स्वतःलाच शिवी द्यायची. अर्ध्या तासाने सूर बदलला, तेव्हा वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाजा पेटीत गेला तरी सुटका नव्हती. ओठ कामात ठेवावे लागतात म्हणून काजल येताजाता ओठ फडफडवायची. भांडी घासताना फर्र, वेणी घालताना फर्र. एकदा एसटीत खिडकीशी बसून तिने असं सुरू केलं तर शेजारच्या बाईने पोराला उचललं आणि उभ्याने पुलगाव गाठलं. तर्री पोहे खायचे ते तर्री बाजूला काढून, कारण तिखटाने ओठ सुजतात. महिन्यातून एकदा बाजा न्हाणीघरातल्या बादलीत आंघोळीला बसायचा. आणि वाजवून झालं की आत साचलेली थुंकी ती एक बटण दाबून जमिनीवर सोडायची. एकदा ती वर्षालीच्या रसायनशास्त्राच्या जर्नलवर सुटली. तीन पानांची शाई फुटली.

"पाणीच आहे वो," काजल म्हणाली. "श्वासाची वाफ असते ते."

"चालते," वर्षाली म्हणाली, आणि तीन पानं पुन्हा लिहायला बसली.

गंमत अशी की माणूस म्हणून काजल तिला आवडायला लागली होती. डाव्या चपलांची हकिगत ऐकून काजलने तिचा हात धरून तिला त्या दुकानात नेलं आणि काउंटरवर दोन डाव्या चपला ठेवून दुकानदाराला विचारलं, "दादा, तुमचा उजवा पाय कुठं गेला?" चपला बदलून मिळाल्या. ताप आला तेव्हा काजलने वर्षालीला दोन दिवस खिचडी भरवली आणि बाजाला हातही लावला नाही. तिच्या आज्याची गोष्टही वर्षालीला तेव्हाच कळली. आजा लहानू पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये होता. एका लग्नात वरात पोचवून झाल्यावर बँडवाल्यांना गोठ्याशी बसवून जेवायला वाढलं. पत्रावळीवरून तो उठला, घरी आला, बाजा ट्रंकेत घातला आणि पुन्हा कधी कोणाच्या दारात वाजवला नाही. बारा वर्षांच्या नातीने ती ट्रंक उघडली तेव्हा घरात मोठं भांडण झालं. बाप म्हणाला, हेच सोडायला तर आपण शिकलो. शेवटी आजाच म्हणाला, "वाजव. पण तुले वाटलं तं वाजव. कोणी 'वाजव' म्हटलं म्हणून नाई."

हे सगळं खरं. पण ऑगस्टमध्ये चाचणी परीक्षा आली. वर्षालीला समीकरणं दिसायची आणि कानात सूर वाजायचा. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, काजल दूध आणायला गेलेली असताना ती खाली गेली आणि वासुदेवरावांसमोर रडवेल्या आवाजात म्हणाली, "काका, तिले जरासं सांगा ना. माहं नाव नका घेऊ पण."

वासुदेवराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत त्यांच्याकडे एकही तक्रारअर्ज आला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. रात्री जेवण टाकून ते कागद घेऊन बसले, आणि सकाळी जिन्याच्या भिंतीवर सूचना लागली. एकूण सात कलमं. त्यातलं पहिलं असं: 'खोलीत कोणतेही तोंडाने वाजवायचे वाद्य वाजवू नये.'

काजलने सूचना मोठ्याने वाचली. मग जिन्यातूनच म्हणाली, "काका, तोंडानं वाजते ते सगळंच बंद का? तुमचा कुकर सकाळी पाच शिट्ट्या मारते."

"कुकर वाद्य नाही," वासुदेवराव पेपराआडून म्हणाले.

"अन् तुमचं घोरणं?"

आत काकूंच्या हातून झाकणी पडली.

तरी काजलने सूचना पाळली. अक्षरशः पाळली. खोलीत वाजवायचं नाही, तर ती बाजा घेऊन कॉलनीमागच्या मोकळ्या मैदानात पाण्याच्या टाकीखाली जाऊन उभी राहू लागली. इथे घोटाळा झाला. खोलीतला आवाज फार तर चार घरांना ऐकू जायचा. टाकीखालून तो चाळीस घरांना जाऊ लागला. शेजारच्या महादेवरावांचा पांढरा कुत्रा तर एका ठरावीक सुराला मान वर करून साथच द्यायचा. काजल म्हणे, "या कॉलनीत त्याचाच कान चांगला आहे. काटा हिरव्यावर आल्याबिगर तो बोलत नाई." महादेवराव म्हणत, त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं आहे. कुत्र्याचं मत कोणी विचारलं नाही.

मग गणपती आले. दहा दिवस कॉलनीच्या तोंडाशी मंडप, आणि मंडपात माणसाच्या उंचीचे डीजेचे सहा डबे. पहिल्या आरतीचा मान वासुदेवरावांचा. विसर्जनाच्या दिवशी तर डीजेने असे दणके दिले की वर्षालीच्या टेबलावरचं कंपासपेटीचं झाकण आपोआप उघडलं. महादेवराव मिरवणुकीपुढे टोपी घालून नाचले. काजल गच्चीच्या कठड्याला टेकून सगळं पाहत होती. "काकाचं बीपी बरं दिसून राह्यलं," ती म्हणाली.

विसर्जन झालं आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी कॉलनीची सभा लागली. विषय एकच. कॉलनी समितीचे अध्यक्ष अण्णाजी यांच्यासमोर चव्वेचाळीस सह्यांचा अर्ज. काजलला बोलावणं होतं. वर्षाली सोबत गेली. नाही म्हणता येत नव्हतं म्हणून गेली, आणि मागच्या खुर्चीत अंग चोरून बसली.

अण्णाजींनी अर्ज वाचला. काजल उठली. "मी दिवसाच वाजवतो. दोन घंटे. तुमचा डीजे दहा दिवस वाजला, रात्रीबी वाजला. त्याच्यावर कोणाची सही आहे का?"

"ते देवाचं होतं," मागून कोणीतरी म्हणालं.

"मंग देवाले विचारून सांगा, त्याले सूर आवडते का दणके."

दोघं-तिघं हसले. ते हसू वासुदेवरावांना लागलं असावं. ते उभे राहिले. "जास्त बोलू नको. आम्ही काही उगाच नाही म्हणत. तुझ्या खोलीतल्या मुलीनंच माझ्याकडे तक्रार केली. रडत आली होती बिचारी. विचार तिला."

काजल वळली. तिने वर्षालीकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. वर्षालीला वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं.

वासुदेवराव तिथेच थांबले असते तर सभा त्यांनी जिंकली होती. पण जिंकलेल्या माणसाला आणखी एक वाक्य बोलायचा मोह होतो. शेजारच्या माणसाकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "काय आहे, रक्तातच असते ते. पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या दारात वाजवलं, सवय कशी जाणार?"

अण्णाजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. चव्वेचाळीस सह्यांपैकी एकही तोंड उघडेना.

काजलचा आवाज चढला नाही. "बरोबर आहे काका. वाजवलं. माह्या आज्यानं तुमच्यासारख्याईच्या वराती पोचवल्या अन् गोठ्यापाशी बसून जेवला. मंग एक दिवस ताटावरून उठला अन् सोडून देलं. मले कोणाच्या दारात वाजवाचं नाई. मी माह्यासाठी वाजवतो. म्हणूनच तुमच्या पोटात दुखून राह्यलं. वरातीत वाजवला असता तं तुम्ही टोपी घालून नाचले असते."

महादेवरावांनी खाली पाहिलं.

आणि मग मागच्या खुर्चीतून कोणीतरी उठल्याचा आवाज झाला. आपण उठलो आहोत, हे वर्षालीला सगळे वळून बघायला लागल्यावर कळलं.

"मी... तक्रार मीच केलती," ती म्हणाली. "पेपर होता माहा. आवाजाचा तरास होते म्हणून केलती. तिच्या आज्याची नाई केली. तिच्या रक्ताची नाई केली. तुम्ही माह्या तक्रारीत हे कायले घातलं काका?"

"बस बेटा, तुला समजत नाही—"

"मले समजते!" हा आवाज एवढा मोठा निघाला की तिची तीच दचकली. "माही तक्रार मी वापस घेतो. आतापासून तिचा बाजा माह्या खोलीत वाजन. अन् माहं नाव तुम्ही घेतलं. नका घेऊ म्हणून सांगतलं होतं मी."

अण्णाजी भले गृहस्थ. त्यांनी तोडगा काढला: काजलने एक साधा माफीनामा लिहून द्यावा, मग रविवारी एक तास वाजवायला समितीची हरकत नाही.

"माफी कायची?" काजलने विचारलं.

उत्तर वासुदेवरावांनी दिलं: महिनाअखेर खोली खाली. "वर्षाली राहू शकते. तिचा काही दोष नाही."

"मीबी जाईन," वर्षाली म्हणाली. "दोष आहे माहा."

खोलीवर येऊन मात्र काजल दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. बाजा पेटीत बंद. ओठांची फर्रफर्रसुद्धा बंद. ती शांतता वर्षालीला त्या एका सुरापेक्षा जड झाली. तिसऱ्या दिवशी पोळी लाटता लाटता काजल एकदम म्हणाली, "मले सांगाले पायजे होतं तू. माह्या तोंडावर."

"तुह्या तोंडाले कधी जागा असते वो?" वर्षाली उसळून म्हणाली. "चोवीस घंटे तं तिथं बाजा असते!"

काजलने लाटणं खाली ठेवलं. वर्षालीला वाटलं, आता मारते की काय. पण काजल हसायला लागली, इतकी की तव्यावरची पोळी करपली. मग दोघींनी मिळून ठरवलं. परीक्षेच्या आठवड्यात पहाटेचा सूर बंद. थुंकी न्हाणीघरात. वर्षालीला त्रास झाला तर तिने 'चालते' हा शब्द उच्चारायचा नाही. आणि खोली सोडेपर्यंतचे अठरा दिवस बाजा रोज संध्याकाळी पाच ते सात इथेच वाजेल, खिडकी सताड उघडी ठेवून. काढून टाकण्यापलीकडे वासुदेवराव आता आणखी काय करणार होते?

पाच वाजले की खिडकी उघडायचं काम वर्षालीने आपल्याकडे घेतलं. खालच्या दाराचा धाडकन आवाज यायचा आणि वासुदेवराव चप्पल घालून आर्वी रोडकडे निघायचे ते थेट दिवेलागणीला परतायचे. सातव्या-आठव्या दिवशी छायाकाकू गहू निवडायचं सूप घेऊन जिन्यावर येऊन बसल्या. काजल म्हणाली, "काकू, तरास होते का तुमाले?"

"कायचा तरास?" काकू खडा काढत म्हणाल्या. "लग्नाले चाळीस वर्षं झाले. पह्यल्यांदा हा माणूस रोज दोन घंटे घराबाहेर राह्यते. वाजव बाई."

दरम्यान वासुदेवरावांनी फोन करून वर्षालीच्या वडिलांना बोलावून घेतलं होतं. रूपराव कापसाला पाणी देणं सोडून सकाळच्या बसने आले. खाली अर्धा तास बसले, मग वर आले. काजलने चहा ठेवला. रूपराव तिच्याशी बोलले नाहीत. पोरीला म्हणाले, "एकटीपुरती खोली पाहू. इकडं गर्ल्स होस्टेल आहे म्हणते."

"दोघीची पाहू," वर्षाली म्हणाली.

रूपरावांनी आवाज खाली आणला. "आडनाव काय हिचं?"

"ताकसांडे," काजल गॅसपाशी पाठमोरी होती, तिथूनच म्हणाली.

वर्षालीने बापाकडे सरळ पाहिलं. असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. "बाबा, आपल्याले खोली भाड्यानं घ्याची आहे. आडनाव नाई घ्याचं."

रूपराव बशीत चहा ओतून फुंकर न मारताच प्यायले, तोंड पोळलं. मग उठून पिशवी खांद्याला लावली. "चाला मंग. ऊन व्हाच्या आत पाहू."

तिघं पायी फिरले, बाजाची पेटी काजलच्या हातात. पहिल्या दारात खोली पसंत पडली, आडनाव ऐकल्यावर मालकाच्या भावाला अचानक तीच खोली हवी झाली. दुसऱ्या दारात आडनावापर्यंत गाडी गेलीच नाही, काळ्या पेटीपाशीच थांबली. तिसऱ्या दारात पुन्हा भाऊ निघाला. तिथून उतरताना रूपराव पहिल्यांदा काजलशी बोलले. "या गावात लोकाईले भाऊ लय आहेत वो."

"आमाले खोली पाहाची असली का सगळ्याईले होतात, काका," काजल म्हणाली.

त्या वाक्यावर रूपराव कोपऱ्यापर्यंत मान खाली घालून चालले.

चौथं दार अन्नपूर्णाबाईंचं. खाली त्यांची पिठाची गिरणी, वर एक खोली आणि पत्र्याची गच्ची. गिरणी सुरू होती, त्यामुळे सगळे ओरडूनच बोलत होते.

"आमची पोरगी बाजा वाजवते!" रूपराव ओरडले.

'आमची' हा शब्द त्यांच्या तोंडून कसा निघाला, ते वर्षालीला अजूनही कळलेलं नाही. गिरणीच्या आवाजात त्यांना स्वतःलाच ऐकू आला नसावा.

"काय वाजवते?" भुवयांवर पीठ साचलेल्या अन्नपूर्णाबाई ओरडल्या.

"बाजा! मोठा आवाज होते!"

बाईंनी गिरणीकडे बोट दाखवलं. "याच्याहून मोठा?"

खोली ठरली.

आता दोघी तिथे राहतात. पुस्तकांवर, गादीवर, काजलच्या केसांवर कायम पिठाचा थर असतो. सकाळी गिरणी सुरू झाली की काजल गच्चीवर जाऊन गिरणीवर आवाज चढवून वाजवते आणि त्यामुळे तिची छाती पूर्वीपेक्षा भक्कम झाली आहे असं म्हणते. तिला आता सहा गाणी पूर्ण येतात, सातवं अर्धं. वर्षालीला सुरातलं अजूनही काही कळत नाही. चाचणीत तिचे रसायनशास्त्राचे गुण कमी आले. ते बाजामुळे आले का, असं सरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "नाई सर. रसायनशास्त्रामुळं आले."

दिवाळीला ती घरी गेली. ओसरीवर फराळाला मावशी, आत्या, शेजारच्या बाया जमलेल्या. आत्याने सगळ्यांदेखत विचारलं, "वर्धेले कोणासंग राह्यतं वो तू? कायकाय ऐकून राह्यलो आम्ही."

पूर्वीची वर्षाली असती तर 'आहे एक मैत्रीण' म्हणून करंजी तोंडात कोंबली असती.

"काजल ताकसांडेसंग," ती म्हणाली. नाव पूर्ण, आडनावासकट, गिरणीत बोलतात तेवढ्या आवाजात. "पुलगावची आहे. ट्रम्पेट वाजवते. अजून काय ऐकलं तुमी?"

आत्याने आणखी काही ऐकलं नव्हतं म्हणे. मावशीने चिवड्यात मीठ कमी असल्याचा विषय काढला आणि बाया तिकडे वळल्या. खांबाला टेकून बसलेले रूपराव अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले.

परत जायच्या सकाळी आई, देवकाबाई, चकल्यांचा डबा भरून पिशवीत ठेवत होती. झाकण लावलं, वर फडकं बांधलं. वर्षालीने डबा हातात घेतला, जरा तोलून पाहिला आणि फडक्याची गाठ सोडली.

"हे एकीपुरतं झालं," ती म्हणाली. "अजून टाक."

देवकाबाईंनी पोरीकडे पाहिलं, मग कोणी ऐकत नाही ना म्हणून दाराकडे पाहिलं. मग मोठा डबा काढायला फळीवर हात घातला.